ताऱ्याच्या मुखावरील तीट

२०१२ च्या जूनमध्यें सूर्यबिंबावरून सरकणारी शुक्राची काळी तीट आमच्या कित्येक वाचकांनीं पाहिली असेल. तशीच तीट दूरच्या ताऱ्यावर ओळखावयाची कशी? बिंब तर दिसत नाहीं. दिसतो तो प्रकाशाचा एक बिंदु.

पूर्वाभाद्रपदेच्या पश्चिमेस, सुमारें १६० प्रकाशवर्षें दूर, सूर्याच्याच जातीचा 'एचडी २०९४५८' हा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाहीं. त्याच्या डोलण्यावरून ग्रहाचें अनुमान झालें होतें. परंतु असलें डोलणें ताऱ्याचेंच स्पंदन कशावरून नव्हे, अशी शंका कांहीं विद्वान् घेत. धूर दिसला, अग्नि कोणीं पाहिला?

१९९९ च्या सप्टेंबरांत डेव्हिड शार्बोनो या तरुण संशोधकानें कोलोरॅडोंत अवघ्या १० सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीनें त्याचा प्रकाश मोजला. (एवढी दुर्बीण आपल्याकडील हौशी मंडळींजवळही असते!) अनुमानिलेल्या वेळींच प्रकाश शेंकडा दीडच्या आसपास मंदावला व सुमारें तीन तासांनीं पूर्ववत् झाला. नोव्हेंबरांत ग्रेगरी हेन्री यांनीं ॲरिझोनांतून स्वतंत्रपणें तेंच पाहिलें. शंका मिटली. शिवाय छायेवरून आकार व डोलण्यावरून वजन मिळालें: ग्रह गुरूहून रुंद, पण घनता पाण्याहून कमी, निव्वळ वायूचा गोळा.

पृथ्वीएवढा ग्रह मात्र प्रकाशाचा बारा हजारावा हिस्साच अडवितो. त्यासाठीं २००९ सालीं केप्लर व २०१८ सालीं टेस हीं यानें वातावरणाबाहेर धाडावीं लागलीं. तरी पृथ्वीइतक्या अंतरावरून फिरणाऱ्या दोनशें ग्रहांत जेमतेम एकच आपल्या दृष्टिरेषेंत येतो. उरलेल्यांसाठीं पुन्हा डोलण्याचीच साक्ष. आणि पृथ्वीच्या ओढीनें आपला सूर्य हलतो तो सेकंदास अवघ्या नऊ सेंटिमीटरांच्या वेगानें.