आधी खिडकीचं ऊन ओळखा

मुंबईच्या भाजीबाजारात समुद्रमेथी मिळते. वीतभरही उंची नाही, देठ पांढरे, टोकाला मोजकी पानं आणि मुळांसकट बांधलेल्या इवल्याशा जुड्या. रेताड जमिनीत मेथीचे दाणे दाट पेरायचे, पाणी देत राहायचं आणि रोप कोवळं असतानाच उपटायचं, एवढंच तिचं तंत्र. आज ‘मायक्रोग्रीन्स’ म्हणून डब्यांत भरून महाग विकतात, ते याच पद्धतीचं पीक. फ्लॅटच्या खिडकीत काय पिकवावं, याचं सर्वांत सरळ उत्तर मला या मेथीत दिसतं. तिला खोल माती नको, खत नको. पहिल्या दिवसांची शिदोरी दाण्यातच असते. बियांसाठी दुकानात जायलाही नको, फोडणीच्या डब्यात मेथी आणि मोहरी आहेतच.

बहुतेक घरांत अळीवही असतो. आपण त्याची खीर आणि लाडू करतो, बाळंतिणीला आवर्जून देतो. पण त्याची पानं फारशी कुणी खात नाही. इंग्लंडमध्ये याच वनस्पतीची कोवळी पानं उकडलेल्या अंड्याबरोबर सँडविचमध्ये घालतात आणि शाळकरी मुलं ती खिडकीत ओल्या कापसावर उगवतात. अळीव आधी भिजवू नये. पाणी लागताच दाण्याभोवती बुळबुळीत थर येतो, गोळा होतो आणि तो नीट पसरता येत नाही. ताटलीत जुन्या सुती कापडाची ओली घडी ठेवावी, कोरडे दाणे एकेरी थरात भुरभुरावेत आणि कापड सुकू देऊ नये. दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठ-दहा दिवसांत पानं कात्रीने कापण्याजोगी होतात. चव मुळ्याच्या पाल्याच्या अंगाने तिखट. दहीभातावर किंवा काकडीच्या कोशिंबिरीत ती फार छान लागतात.

एवढी कोवळी पिकं जवळजवळ कुठल्याही खिडकीत येतात. त्यापुढचं काहीही हवं असेल, तर आधी ऊन ओळखावं लागतं, आणि इथे आपले डोळे फसवतात. मोकळ्यावर भर दुपारी प्रकाश एक लाख लक्सच्या आसपास असतो. आपल्याला लख्ख वाटणाऱ्या खोलीत, खिडकीपासून दूर, तो काहीशे लक्सवर येतो. डोळा कमी उजेडाशी जुळवून घेतो आणि ही तूट आपल्याला जाणवत नाही. पानाला तशी सोय नाही. म्हणून कुंडी काचेला लागूनच हवी. मच्छरजाळी आणि काचेवरची काळी फिल्म यांतही बराच प्रकाश अडतो.

खिडकीची दिशाही पाहावी लागते. ‘दक्षिणेची खिडकी सर्वांत चांगली’ हा सल्ला युरोपातून आला आहे. तिथे दुपारचा सूर्य बाराही महिने दक्षिणेला असतो, आपल्याकडे नसतो. मुंबईत मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत मध्यान्हीचा सूर्य माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे ऐन मे-जूनमध्ये दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन जवळपास येतच नाही. उलट डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून साधारण ४८ अंशच वर असतो आणि ऊन तिरपं होऊन खोलीत आतपर्यंत शिरतं. दक्षिणेची खिडकी हे आपल्याकडे रब्बीचं शेत आहे, असं मी मानतो. पूर्वेकडे सकाळचं सौम्य ऊन मिळतं. पालेभाजीला मला तीच दिशा सर्वांत आवडते. पश्चिमेची काच उन्हाळ्यात तापते, तिथे लाल माठ टिकतो. उत्तरेला अळीव, मेथी आणि पानओवा यांवर समाधान मानावं. अर्थात समोर दहा मजली इमारत असेल, तर दिशेला फारसा अर्थ उरत नाही.

प्रकाश कमी पडला की रोप लांबुडकं होतं आणि काचेकडे झुकतं. चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी गवताच्या कोवळ्या अंकुरांची टोकं झाकून पाहिली, तर ते वळेनासे झाले. प्रकाशाची जाणीव टोकाला होते आणि वाक खाली येतो, हे त्यांनी १८८०च्या पुस्तकात मांडलं. सावलीच्या बाजूच्या पेशी जास्त लांबतात, म्हणून रोप उजेडाकडे वळतं. कुंडी दर दोन दिवसांनी अर्धी फिरवली, तर रोप सरळ राहतं; मात्र लांबुडकेपणाला जास्त उजेड हाच उपाय आहे.

सगळ्यांना हवी असते ती कोथिंबीर, आणि निराशाही तीच सर्वांत जास्त करते. एका धण्यात दोन बिया असतात. लाटण्याने हलकेच दाबून धणे दुभंगावेत, रात्रभर भिजवावेत आणि वीतभर खोल कुंडीत थेट पेरावेत. तिचं मूळ सरळ खाली जातं, त्यामुळे रोप उपटून दुसरीकडे लावलेलं तिला सोसत नाही. उगवायला आठ ते पंधरा दिवस लागतात. त्याआधी माती उकरून पाहू नये. उकाड्यात ती लगेच फुलावर येते, म्हणून खिडकीतली कोथिंबीर दिवाळीनंतरच लावावी. लेट्यूसचंही तसंच, त्याचं बी तापलेल्या मातीत रुजतच नाही. उन्हाळ्या-पावसाळ्यात मायाळूचा वेल ग्रिलवर चढवावा. बाजारच्या जुडीतला पुदिन्याचा जून देठ पाण्यात ठेवला, की मुळं धरतो. तो वेगळ्या कुंडीत लावावा, कारण शेजाऱ्याला तो जागा ठेवत नाही.

टोमॅटो-वांग्याचा मोह मात्र आवरावा. फळ धरायला रोज पाच-सहा तास थेट ऊन लागतं आणि ते फार थोड्या खिडक्यांना मिळतं. या दोघांचे आणि मिरचीचे कोवळे अंकुर खाऊही नयेत, त्यांत विषारी द्रव्यं असतात. पेरणीसाठी विकलेलं रंगीत बी बहुधा बुरशीनाशक लावलेलं असतं. तेही कोवळ्या पानांसाठी वापरू नये.

माती हलकी हवी. कोकोपीट आणि गांडूळखत मिसळलं की वजनही आटोक्यात राहतं. बोट पेरभर खुपसून कोरडं लागलं, तरच पाणी द्यावं. सतत ओल राहिली, तर रोपं बुडाशी काळी पडून आडवी होतात आणि चिलटं घोंगावतात. काढणीला मेथी मुळासकट उपटावी आणि लगेच पुन्हा पेरावी. पुदिना, माठ आणि मायाळू पेराच्या वर खुडावेत, म्हणजे तिथून नवे फुटवे येतात.