शंभर मीटरचं झाड आणि चिमूटभर चुरा

दोस्तांनो, आधी एक गंमत करा. शाळेच्या पटांगणाच्या एका टोकापासून सरळ चालायला लागा आणि २३२ पावलं मोजा. पटांगण लहान असेल तर मागे वळून मोजणी पुरी करा. एक पाऊल अर्ध्या मीटरचं धरलं, तर तुम्ही ११६ मीटर चाललात. आता मनातल्या मनात ही सगळी वाट उचलून आकाशाकडे उभी करा.

एवढं उंच एक झाड आज जगात उभं आहे! मुंबईच्या राजाबाई टॉवरच्या डोक्यावर गेटवे ऑफ इंडिया ठेवलं, तरी ते त्याच्या शेंड्याला पोचायचं नाही.

या झाडाचं नाव हायपेरियन. जात रेडवूड, म्हणजे तांबड्या लाकडाचं झाड. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर किनाऱ्यावर रेडवूड राष्ट्रीय उद्यान आहे, तिथे ते २००६ साली सापडलं. आज उभ्या असलेल्या, मोजलेल्या झाडांत सगळ्यांत उंच तेच. आणि गंमत पाहा, या जातीचं फळ लहानशा बोराएवढं आणि त्यातलं बी टोमॅटोच्या बीएवढं!

इतकं पाणी या झाडांना मिळतं कुठून? हिवाळ्यात तिथे भरपूर पाऊस पडतो. पण उन्हाळा जवळजवळ कोरडा. तेव्हा धावून येतं ते धुकं. समुद्रावरून दाट धुकं जंगलात शिरतं, बारीक पानांवर त्याचे थेंब जमतात आणि टपटप खाली पडतात. शिवाय पानंही थोडं पाणी शोषून घेतात. म्हणूनच ही जात समुद्राजवळच्या चिंचोळ्या पट्ट्यातच आपणहून वाढते. तिथे काही झाडं दोन हजार वर्षांहून जास्त जगतात. खोडाची साल जुन्या झाडांत फूटभर जाड असते, त्यामुळे लहानसहान वणव्याला ती दाद देत नाहीत.

वणव्याला दाद दिली नाही, पण करवतीपुढे काय करणार? इथले मूळचे युरोक लोक पिढ्यान्‌पिढ्या रेडवूडच्या लाकडापासून घरं आणि होड्या करत आले आहेत. त्यानं जंगल संपलं नाही. पण १८४९ च्या सुमाराला सोन्याच्या शोधात माणसांचे लोंढे कॅलिफोर्नियात आले. त्यांना घरं हवी, रेल्वेसाठी लाकूड हवं. मग तोड सुरू झाली ती थांबेचना. सुमारे वीस लाख एकरांच्या जुन्या जंगलातलं आज जेमतेम पाच टक्के उरलं आहे. ते वाचवायला १९१८ साली काही मंडळींनी संस्था काढली आणि पैसे जमवून जंगलाचे तुकडे विकत घेतले. पुढे १९६८ साली राष्ट्रीय उद्यान झालं. तरी शेजारच्या डोंगरांवर तोड चालूच होती. तिथली माती ओढ्यातून वाहून खालच्या उंच झाडांच्या मुळाशी येऊ लागली. म्हणून १९७८ साली उद्यान आणखी वाढवावं लागलं.

आता या जंगलात मुक्कामाला जाऊ या. एल्क प्रेअरी नावाची तळाची जागा आहे. शेजारी मोठं गवताळ माळरान आणि त्यावर एल्क नावाची भलीमोठी हरणं. नर पाचशे किलोचासुद्धा असू शकतो! फोटोसाठी जवळ जायचं नाही. निदान पंचवीस मीटर लांब राहायचं. तंबूच्या जागेपाशी बसायला बाक-टेबल, शेकोटीला लोखंडी कडं आणि एक भक्कम लोखंडी पेटी. पेटी कशाला? अस्वलासाठी! म्हणजे अस्वलाला ठेवायला नव्हे, त्याच्यापासून जेवण लपवायला. खाऊ, साबण, टूथपेस्ट, जे जे वास मारतं ते सगळं पेटीत. तंबूत चॉकलेटसुद्धा न्यायचं नाही.

सकाळी पायवाटेनं निघालं की पायाखाली मऊ पाचोळा, दोन्ही बाजूंना कमरेएवढे नेचे, आणि मध्येच केळ्यासारखी पिवळीधमक, पाठीवर शंख नसलेली गोगलगाय. एखादं जुनं झाड आडवं पडलेलं दिसतं. त्याच्या अंगावर शेवाळ, नेचे आणि नवी रोपं वाढत असतात. म्हणून पडलेलं लाकूडही शेकोटीसाठी उचलायचं नाही.

इथल्या पाट्यांवर आणि रेंजर लोकांच्या तोंडी एक सूचना पुन्हा पुन्हा असते : खाल्ल्यावर एकही कण खाली ठेवू नका. बिस्किटाच्या चुऱ्याचं एवढं काय? ऐका तर!

मार्बल्ड मर्लेट नावाचा एक समुद्रपक्षी आहे. दिवसभर समुद्रात मासे पकडतो, पण अंडं घालायला कित्येक किलोमीटर आत जंगलात येतो. तो घरटं बांधत नाही. जुन्या झाडाच्या रुंद, शेवाळलेल्या फांदीवर मादी एकच अंडं घालते. ही जागा इतकी उंच नि लपलेली, की कॅलिफोर्नियातलं त्याचं पहिलं घरटं १९७४ साली कळलं, तेही झाडांची निगा राखणारा एक कामगार वर चढला म्हणून. १९९२ पासून अमेरिकेच्या कायद्यानं या पक्ष्याला संरक्षण आहे.

आता चुरा सांडला की काय होतं? डोमकावळे आणि त्यांच्याच कुळातले निळे-काळे स्टेलर्स जे पक्षी तळाभोवती जमतात. आयतं खाणं मिळतं म्हणून त्यांची संख्या वाढते. मग ते आजूबाजूची झाडं धुंडाळतात आणि वरचं एकुलतं एक अंडं फस्त करतात. खाली सांडलं बिस्किट आणि वर गेलं अंडं! चुरा सांडणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

तसंच पावलांचं. एवढ्या उंच झाडाची मुळं किती खोल असतील? फक्त दोन ते चार मीटर! पण ती आडवी तीस मीटरपर्यंत पसरतात आणि शेजाऱ्यांच्या मुळांत गुंततात. झाडं जणू हातात हात घालून उभी असतात. माणसं सतत तुडवू लागली, की माती दगडासारखी घट्ट होते, पाणी मुरत नाही. हायपेरियनचं नेमकं हेच झालं. तिथे जायला वाट नाही. तरी लोक झाडी तुडवत फोटोसाठी जाऊ लागले. बुंध्याजवळचे नेचे नाहीसे झाले, कचरा आणि घाण साचली. अखेर २०२२ साली उद्यानानं तो भागच बंद केला. आत शिरलं तर पाच हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद! करवतीतून वाचलेल्या झाडाला चाहत्यांपासून वाचवायची वेळ आली. पायवाटेवरून पाहता येतील अशी शेकडो प्रचंड झाडं उद्यानात आहेतच की.

आपली माथेरानची माकडं हातातली पिशवी का ओढतात, याचं उत्तर आता तुम्हांला देता येईल. पुढच्या सहलीत डबा खाताना खाली एक मोठा रुमाल पसरा. जेवण झाल्यावर त्यावर काय काय सांडलं ते नीट बघा, आणि मग रुमाल जंगलात न झटकता तसाच गुंडाळून घरी आणा. काय, जमेल ना?