मेनूत नाव आहे, प्रोग्राम नाही

नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत 29 सप्टेंबर 2010 रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं. आता दाखले काय, योजनांचे अर्ज काय, सगळं संगणकावर. सेवा केंद्रातल्या एकाच मशीनवर ठशांच्या यंत्राचं, प्रिंटरचं, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर येतं-जातं आणि जाताना कधी कधी मेनूत नाव सोडून जातं. क्लिक केलं तर काही उघडत नाही. मग सल्ला मिळतो : ‘व्हायरस असेल, फॉरमॅट मारून घ्या.’

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा आणि महागात पडणारा असतो. मेनूतली नोंद म्हणजे प्रोग्रामचा पत्ता लिहिलेली छोटीशी फाइल. प्रोग्राम गेला, पत्ता राहिला, इतकंच. त्यामुळे संगणक मंदावत नाही. फॉरमॅटमध्ये मात्र ड्रायव्हर, फाँट आणि कित्येकदा लोकांची स्कॅन केलेली कागदपत्रंही जातात. धडगावसारख्या डोंगरातल्या गावी सगळं पुन्हा बसवणारा माणूस बाहेरून यायचा असेल, तर तोवर दाखल्यासाठी आलेल्यांनी काय करायचं?

विंडोजमध्ये त्या नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. समोर शॉर्टकट दिसेल. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ वाचा. तिथे पेन ड्राइव्हचा किंवा दुसऱ्या डिस्कचा पत्ता असेल तर ती आधी जोडून पाहा, प्रोग्राम जिवंत असू शकतो. खरंच गेला असेल तर तो शॉर्टकट तेवढा डिलीट करा.

उलटा गैरसमजही आहे : चिन्ह उडवलं की प्रोग्राम गेला. तो जात नाही. त्यासाठी ‘अनइन्स्टॉल’च करावं लागतं.

‘क्लीनर’ टाकण्याचीही गरज नाही. रजिस्ट्री क्लीनरला मायक्रोसॉफ्टचाच पाठिंबा नाही. त्यातून विंडोज पुन्हा बसवायची वेळ येऊ शकते, असं कंपनी सांगते.

उबुंटू किंवा सी-डॅकच्या बॉस लिनक्सवर ही नोंद नावाच्या शेवटी ‘डॉट डेस्कटॉप’ असलेली साधी मजकुराची फाइल असते. ‘एक्झेक’ने सुरू होणाऱ्या ओळीत प्रोग्रामची आज्ञा असते. फाइल तुमच्या होम फोल्डरातली असेल तर खुशाल काढा. सिस्टिमच्या फोल्डरातली काढू नका, पुढच्या अपडेटला ती परत येऊ शकते. तिची त्याच नावाची प्रत होममधल्या ‘डॉट लोकल, शेअर, ॲप्लिकेशन्स’मध्ये ठेवून ‘डेस्कटॉप एंट्री’ या मथळ्याखाली ‘नोडिस्प्ले’ बरोबर ‘ट्रू’ अशी ओळ इंग्रजीत घाला. तुमची प्रत आधी वाचली जाते आणि नाव मेनूतून जातं.