भाजीचा मसाला होतो तेव्हा

1998 मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची ओळख मिरचीमुळे दूरवर पोहोचली आहे. येथील बाजार समितीत शेतकरी ओली लाल मिरची आणतो. व्यापारी ती घेऊन उघड्या पथारींवर उन्हात वाळवितात आणि मजूर तिचे देठ खुडतात. सीमाशुल्काच्या दृष्टीने या पथारीवर मोठे स्थित्यंतर घडते. भाजीचा मसाला होतो.

मालाच्या वर्गीकरणाची सुसूत्र पद्धती 1988 पासून जगभर अमलात आहे. भारताचे सीमाशुल्क दरपत्रक 1986 पासूनच त्या धर्तीवर आहे. त्यात ताजी मिरची, हिरवी असो वा लाल, सातव्या प्रकरणात 0709 60 या क्रमांकाखाली येते. वाळली की ती नवव्या प्रकरणात 0904 21 मध्ये जाते आणि दळली की 0904 22 मध्ये. कांदा वाळविला तरी तो सातव्याच प्रकरणात राहतो. वाळलेल्या मिरचीला मात्र त्या प्रकरणाच्या चौथ्या टीपेने स्पष्टपणे वगळले आहे.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. वनस्पतिशास्त्राने फळ ठरविलेल्या टोमॅटोला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1893 मध्ये जकातीपुरती भाजी ठरविले आणि आयातदाराला शुल्क भरावे लागले. युरोपीय संघात कोकोच्या बिया शुल्कमुक्त येतात. त्यांचा लगदा करून पाठविला की शुल्क लागते. आपल्याकडेही 2017 पासून वस्तू व सेवा कराने हेच क्रमांक स्वीकारले असून ताजी मिरची करमुक्त, तर वाळलेलीवर 5 टक्के कर आहे.

दरपत्रकातील प्रत्येक पायरी म्हणजे मालावर झालेला एक संस्कार आणि बहुधा मूल्यातील एक वाढ. ओली मिरची विकणारा शेतकरी पहिल्याच पायरीवर थांबतो. पुढची मिळकत दुसऱ्याची. पण भावाची पडझड त्याच्याही वाट्याला येतेच.

शिवाय मसाला या नावाबरोबर मसाल्याच्या कसोट्याही येतात. युरोपीय संघाने वाळलेल्या मिरचीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाची एकूण मर्यादा किलोमागे 10 मायक्रोग्रॅम ठेवली आहे. उघड्या पथारीवर अवकाळी पाऊस पडला की मिरची भिजते, आणि ओल राहिली की बुरशी धरते. क्रमांक अचूक लिहिला म्हणून असा माल परदेशाच्या बंदरावर उतरत नाही.

म्हणून निर्यातीच्या घोषणांआधी पथारीचा विचार व्हावयास हवा. पक्के ओटे, पावसात तत्काळ ओढता येईल असे आच्छादन, ओलावा मोजण्याची सोय आणि प्रतवारी यांची व्यवस्था बाजार समितीने व शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांनी अंगावर घेतली, तर शेतकऱ्याला आपला माल स्वतः वाळवून विकण्याचा पर्याय मिळेल. भाजीचा मसाला होण्याची क्रिया नंदुरबारच्याच भूमीवर घडते. तिच्या लाभात पिकविणाऱ्याचा वाटा असावा, ही मागणी अवास्तव म्हणता येणार नाही.