चूक न काढणारा मास्तर

गाणे शिकवणाऱ्याचा जन्म चुका काढण्यात जातो. शिकवणीला बसलेल्या मुलाचा गंधार जरा उतरला, की आमची मान आपोआप हलते. घरची परंपरा दरबारी गायकीची. तिथे चूक पोटात घालणे हाच अपराध. म्हणून चित्रोपचार, म्हणजेच आर्ट थेरपी, या विद्येची हकीकत वाचली तेव्हा आम्ही थोडे बिचकलोच. तिथला मास्तर चूक काढीतच नाही!

या विद्येला नाव दिले एका आजारी माणसाने. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार १९३८ साली क्षयाने ससेक्समधील मिडहर्स्टच्या आरोग्यधामात पडून होता. क्षयावर त्या काळी रामबाण औषध नव्हते. विश्रांती आणि मोकळी हवा हाच मुख्य इलाज. दिवस खायला उठत. त्याने अंथरुणातच पेन्सिल हाती घेतली आणि त्याच्या मनाला आधार सापडला. पुढे तो इतर रोग्यांना व जखमी सैनिकांनाही चित्रे काढायला लावू लागला. १९४२ मध्ये या कामाला त्यानेच आर्ट थेरपी म्हटले.

१९४६ मध्ये एडवर्ड ॲडमसन सरे परगण्यातील नेदर्न मनोरुग्णालयात रुजू झाला. रुग्णांसाठी त्याने चित्रशाळा चालवली ती १९८१ पर्यंत. तो कुणाची रेघ सुधारीत नसे, की चित्राचा अर्थ रुग्णाच्या गळी उतरवीत नसे. कागद, रंग आणि निर्धास्त बसण्याची जागा द्यायची. बाकीचे रुग्णाचा हात करील, अशी त्याची श्रद्धा.

श्रद्धेचा पुढे पेशा झाला. १९६४ मध्ये ब्रिटनमध्ये चित्रोपचारकांचा संघ निघाला. आज तिथे पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारमान्य नोंदणी असल्याशिवाय ही उपाधी लावणे कायद्याने मना आहे. रंगपेटी आणि कनवाळू मन एवढ्या भांडवलावर हे काम होत नाही.

या विद्येची कसोटीही लागली आहे. स्किझोफ्रेनियाच्या ४१७ रुग्णांवर ब्रिटनमध्ये झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून एकदा गटाने बसून केलेल्या चित्रोपचाराने रुग्णांच्या लक्षणांत वा व्यवहारात उल्लेखनीय फरक दिसला नाही. पुष्कळजण तर वर्गाकडे फिरकलेच नाहीत. तेव्हा हा सर्वांना लागू पडणारा काढा नव्हे. कुणाला, कधी आणि किती, हे जाणकारानेच पाहावे लागते.

मध्यंतरी आमच्याकडे एक गृहस्थ पुन्हा शिकायला आले. पत्नी जाऊन दोन महिने झाले होते. भूप गाताना आवाज हलला, स्वर सुटला. आमची मान हलायला निघाली होती. ती आम्ही आवरली आणि नुसता तंबोरा छेडीत राहिलो. ते पाऊण तास गायले. त्याला उपचार म्हणण्याचा आम्हाला अधिकार नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनीच विचारले, ‘‘मास्तर, परवा गंधार लागत नव्हता ना?’’

मग आम्ही चूक दाखवली.