पद्मिनीचा मागचा ॲक्सल घरी बदलताना

मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीने २०२३ मध्ये निरोप घेतला. हौशी मालकांच्या दारात मात्र ही गाडी आजही जपली जाते. वेगाबरोबर मागून वाढणारी गुणगुण हे बहुधा क्राउन-पिनियन झिजल्याचे लक्षण. ही दंतचक्रे जोडीनेच बदलावी लागतात आणि त्यांच्या दातांमधील फट मिलिमीटरच्या शतांशात जुळवावी लागते. हे घरचे काम नव्हे. त्यापेक्षा सुस्थितीतील अख्खा ॲक्सल बदलणे सोपे. फक्त त्याचे गुणोत्तर जुन्याइतकेच असावे, अन्यथा स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवील.

खरी जोखीम निराळीच आहे. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. टणक, सपाट जमिनीवर पुढच्या चाकांना अडण लावून बॉडीच्या भक्कम भागाखाली स्टँड द्यावेत. प्रोपेलर शाफ्ट व ब्रेकची जोडणी सोडवावी आणि ॲक्सलचा भार दुसऱ्या जॅकवर घेऊनच पाट्यांचे यू-बोल्ट काढावेत.

ॲक्सल बसला म्हणजे काम संपले नाही. ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा पेडल घट्ट लागेपर्यंत काढावी. गिअर ऑईल भरावे. ते विसरणारे थोडे नाहीत! पहिली फेरी सावकाश मारून यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.