शेवटच्या होलवर हात का थरथरतो? गोल्फच्या मैदानातून धंद्यासाठी एक कामाची गोष्ट



चॅनलवर एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतो. "सर, घरी बायकोसमोर प्रॅक्टिस करतो तेव्हा सगळं नीट बोलतो. पण मोठ्या कस्टमरसमोर बसलो की रेट सांगतानाच आवाज बसतो. समोरचा नुसता 'हं' म्हणाला तरी मी लगेच डिस्काउंट देऊन मोकळा होतो. काय करू?"

याचं उत्तर देण्यासाठी आज मी तुम्हाला गोल्फच्या मैदानावर नेणार आहे. तुम्ही म्हणाल, हा तर श्रीमंतांचा खेळ, आपला काय संबंध? संबंध आहे. गोल्फमध्ये बॉल जागेवर स्थिर असतो. समोरून कोणी फेकत नाही, कोणी धक्का देत नाही. फटका कधी मारायचा हे तुम्हीच ठरवता. म्हणजे चूक झाली तर बोट दाखवायला दुसरं कोणी नसतं. आणि दोन फटक्यांच्या मध्ये चालत जाताना विचार करायला भरपूर वेळ असतो. हाच वेळ घात करतो.

जिंकत आलेली मॅच हातातून गेली

थायलंडची अरिया जुतानुगार्न. तिच्या वडिलांचं बँकॉकजवळच्या एका गोल्फ कोर्सवर गोल्फच्या सामानाचं दुकान होतं. म्हणजे ही आपल्यासारखीच, दुकानदाराची मुलगी.

फेब्रुवारी २०१३. वय १७. घरच्या मैदानावर, थायलंडमध्येच मोठी स्पर्धा. शेवटच्या होलवर आली तेव्हा ती दोन फटक्यांनी पुढे होती. गोल्फमध्ये ज्याचे फटके कमी तो जिंकतो, हे लक्षात ठेवा. त्या होलला पाच फटके अपेक्षित होते. तिला आठ लागले. दक्षिण कोरियाची इनबी पार्क एका फटक्याने जिंकली.

पुढे खांद्याची दुखापत झाली. २०१५ मध्ये तर सलग दहा स्पर्धांत ती पहिल्या दोन दिवसांतच बाहेर पडली. त्यातून सावरली. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या स्पर्धेत पुन्हा तीच वेळ आली. तीन होल बाकी आणि ती दोन फटक्यांनी पुढे. तिन्ही होलवर तिचा एकेक फटका जास्त गेला. लिडिया को जिंकली, अरिया चौथी.

आता विचार करा. या मुलीला खेळता येत नव्हतं का? येत होतं. येत नसतं तर ती तिथवर पुढे राहिलीच नसती. कमी पडत होतं ते वेगळंच होतं.

दबावात नेमकं काय बिघडतं?

वर्षानुवर्षं भाकरी थापणारी आई बघा. गप्पा मारता मारता गोल भाकरी तव्यावर पडते. आता चार पाहुणे समोर बसवा आणि तिला सांगा, "बोटं नीट ठेव हं, भाकरी फुटली तर नाक कापलं जाईल." तिचं लक्ष पिठावरून उठून स्वतःच्या बोटांवर आणि पाहुण्यांच्या चेहऱ्यांवर जाईल. मग नेमकी तीच भाकरी फुटेल.

दबावात हेच होतं. हाताला सवयीने जमणाऱ्या कामात डोकं मध्येच हात घालतं. नाहीतर मन निकालाकडे पळतं: हरलो तर? लोक काय म्हणतील? बॉल समोर असतो, पण आपण तिथे नसतो.

कोचने काय दिलं?

त्या सुमारास अरिया दोन कोचबरोबर काम करू लागली होती. पिया निल्सन आणि लिन मॅरियट. त्यांच्या पद्धतीचं नाव 'व्हिजन ५४'. साधारण ७२ फटक्यांच्या कोर्सवर प्रत्येक होलला एक फटका वाचवला तर ५४ होतात, त्यावरून हे नाव. निल्सन स्वीडनच्या राष्ट्रीय संघाच्या कोच होत्या. त्यांच्या तालमीतली अनिका सोरेनस्टॅम २००१ मध्ये ५९ फटक्यांत राउंड पूर्ण करून आली. अमेरिकेच्या एलपीजीए टूरवर त्याआधी एकाही महिलेला ते जमलं नव्हतं.

त्यांची मुख्य शिकवण साधी आहे. बॉलच्या मागे जमिनीवर एक रेघ आहे असं समजा.

रेघेच्या मागे विचाराची जागा. वारा किती, अंतर किती, कुठली काठी घ्यायची, बॉल कुठे टाकायचा, सगळे हिशेब इथेच. निर्णय पक्का झाला की रेघ ओलांडायची.

रेघेच्या पुढे फक्त फटका. इथे हिशेब बंद, शंका बंद. शंका आलीच तर मागे या आणि पुन्हा ठरवा. पण शंका घेऊन फटका मारायचा नाही.

फटका झाल्यावर तिसरी पायरी. चांगला गेला तर दोन क्षण आनंद घ्या. वाईट गेला तर काय झालं ते शांतपणे बघा आणि तिथेच सोडा. राग पुढच्या होलवर न्यायचा नाही.

अरियासाठी यात एक खास गोष्ट जोडली गेली. फटक्याला उभं राहण्याआधी हसायचं. दरवेळी. हरत असलीस तरी. बॉल होलमध्ये जाईल की नाही हे तिच्या हातात नव्हतं. हसणं होतं. मनाला धरायला एक छोटं, आपल्या ताब्यातलं काम मिळालं.

मे २०१६ मध्ये अरियाने सलग तीन स्पर्धा जिंकल्या. एलपीजीए टूरवर जिंकणारी ती थायलंडची पहिली खेळाडू. जुलैमध्ये इंग्लंडच्या वोबर्नला ब्रिटिश ओपन. तेराव्या होलवर दोन फटके जास्त गेले आणि मोठी आघाडी एका फटक्यावर आली. जुनी अरिया इथे ढासळली असती. यावेळी ती तीन फटक्यांनी जिंकली. २०१७ मध्ये ती जगात पहिल्या नंबरवर पोचली.

पण ही जादू नाही

इथे मला तुमच्याशी प्रामाणिक बोलायचंय. २०१८ ची यूएस ओपन. नऊ होल बाकी असताना अरिया तब्बल सात फटक्यांनी पुढे होती. ती सगळी आघाडी गेली! कोच होते, हसू होतं, पद्धत होती, तरी गेली. बरोबरी झाली आणि जादा होल खेळावे लागले. त्यात चौथ्या होलवर ती जिंकली.

म्हणजे दबाव कायमचा जात नाही. पद्धत एवढंच करते की पडल्यावर परत उभं राहायला तुमच्याकडे एक ठरलेली जागा असते.

दुसरी गोष्ट. हसण्याआधी हजारो फटक्यांचा सराव होता. सराव नसेल तर नुसतं हसून काही होत नाही. "माइंडसेट बदला, करोडपती व्हा" असं सांगून कोणी हजारो रुपयांचं वर्कशॉप विकत असेल, तर आधी तुमचा माल, तुमचं कॉस्टिंग आणि तुमची उधारी बघा. मीसुद्धा ट्रेनर आहे, तरी सांगतो. खिशात खेळतं भांडवल नसल्यामुळे आलेलं टेन्शन श्वास मोजून जात नाही. ते वसुली करूनच जातं.

तुमच्या धंद्यात कसं वापराल?

१. रेघ आखा. समजा तुम्ही मसाल्याची ऑर्डर घ्यायला सुपरमार्केटच्या मॅनेजरकडे चाललात. रेट, कमीत कमी रेट, किती मालावर किती सूट, पैसे किती दिवसांत, हे सगळं आदल्या दिवशी कागदावर लिहा. ऑफिसचा दरवाजा ही तुमची रेघ. आत गेल्यावर नवा हिशेब नाही. समोरच्याने नवीनच अट टाकली तर सरळ म्हणा, "उद्या सकाळी कळवतो." म्हणजे तुम्ही रेघेच्या मागे आलात. यात काहीही कमीपणा नाही.

२. एक छोटं काम ठरवा. रेट सांगण्याआधी दोन्ही पाय जमिनीवर टेकवा, एक श्वास सोडा, मग आकडा बोला. आणि आकडा बोलून झाल्यावर गप्प बसा! बहुतेक डिस्काउंट त्या शांततेतच जातो. हे काम छोट्या कस्टमरसमोरही करा, म्हणजे मोठ्यासमोर आपोआप होईल.

३. बाहेर आल्यावर दोन ओळी लिहा. काय जमलं? पुढच्या वेळी काय बदलायचं? बस्स. "मला जमतच नाही" असं वहीत लिहायचं नाही. तो हिशेब नसतो, तो राग असतो.

हे पुढच्या दहा मीटिंगमध्ये करून बघा. दहाही ऑर्डर मिळतील असं मी म्हणणार नाही. पण ऑर्डर गेली तर ती रेटमुळे गेली की तुमच्या घाबरण्यामुळे, एवढं तुम्हाला नक्की कळेल. आणि ज्याला हे कळतं, त्याला सुधारणा कुठे करायची हेही कळतं.

तुमची रेघ कुठली, तुमचं छोटं काम कुठलं, कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत धंदा सांभाळा, स्वतःला सांभाळा!